खरं विमानच ठेवा की आत

बावड्यात काकांच्या गोठ्यात आज गाय भरवायला डॉक्टर आलेले, त्यांनी लिक्विड नायट्रोजनच्या कॅनचं झाकण काढलं आन् पांढरी वाफ कडेनं खाली उतरली. मी सहज बोलून गेलो, जर्मनीत कोलोनला हाच नायट्रोजन विंड टनेलमध्ये, म्हंजे फॅननं जोरात वारं सोडायच्या बोगद्यात फवारतात, आत उणे १६० अंशांच्या आसपास गारठा करतात आणि त्यात विमानाचं छोटं मॉडेल तपासतात.

काका म्हणाले, "मॉडेल गारठवत बसण्यापरास खरं विमानच ठेवा की आत!"

तेच डोक्यात राहिलंय. एवढ्या मोठ्या टनेलला वीज किती लागंल ओ. आणि मॉडेल छोटं असलं की हवा त्याला जास्त चिकट असल्यागत वागते, पंखावरचा प्रवाह खऱ्यासारखा वाहतच नाही. गार केलं की वायू दाट होतो, चिकटपणा घटतो, मग छोट्या मॉडेलवरही प्रवाह खऱ्यासारखा वाहतो. आवाजाचा वेगही उतरतो, म्हणून वारं कमी वेगानं सोडलं तरी भागतं आणि फॅनवर लोड कमी. वर दाबही वाढवतात. फक्त आत ओल नको, आरशासारख्या पॉलिश केलेल्या पंखावर जरा हिम धरलं की आकडे गेले कामातून.

आणि असल्या गारठ्यात साधं स्टील ठिसूळ होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रायोजेनिक, म्हंजे असलं अतिगार द्रव ठेवायच्या टाक्यांचं काम कोण करतंय का? सांगा की जरा.