छत्रीवरचा कोंडा

डिचोली, १८ जानेवारी

आज पुन्हा काळी छत्री अंगणात उघडी करून ठेवली. पोदेराने (पाववाल्याने) सायकल थांबवून आभाळाकडे पाहिलं. त्याला काय सांगणार, आमच्या कुत्र्याचा, तांबूचा कोंडा बघतेय म्हणून!

डिसेंबरात तांबूच्या पाठीवर हात फिरवला की पांढरे पापुद्रे उडायचे. एक ‘चालता कोंडा’ असतो म्हणे. कातडीवर बारीक किडे वावरतात, कोंडा त्यांच्यासोबत हलतो, आणि माणसालाही कंड सुटते. काळ्या कापडावर झाडून पाहिलं तर कळतं. काळं कापड म्हणजे घरात छत्रीच, आणि भिंग सासूबाईंचं, पंचांग वाचायचं. दोघी अर्धा तास वाकून बसलो. काही हललं नाही. शेवटी तांबूच हलला आणि सगळं उधळलं.

दरम्यान सासूबाईंनी खोबरेलात कापूर घालून ठेवलेला. आपल्या खाजेवर ठीक, पण कुत्रा अंग चाटतो आणि कापूर त्याला विषारी. मी जरा जास्तच ओरडले. तेव्हापासून अबोला.

डॉक्टरांनी पात्याने कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरूज नाही, बुरशी नाही. मग विचारलं, आंघोळ कितीदा? मी अभिमानाने म्हटलं, दर तीन दिवसांनी, कढत पाण्याने, माझ्याच शाम्पूने! त्यांनी नुसता चष्मा काढला.

तर रोगाचं मूळ मीच. आपली कातडी जरा आम्लधर्मी, पीएच साधारण ५.५, कुत्र्याची ७ च्या आसपास, शिवाय आपल्यापेक्षा पातळ. आपला शाम्पू तिच्यावरचं तेल ओढून घेतो. ती कोरडी पडते, कोंडा येतो, मला वाटतं मळ आहे, मी आणखी घासते. वर हे थंडीचे दिवस, रात्री जमिनीकडून येणारा कोरडा वारा. डॉक्टरांचं सांगणं एवढंच: महिनाभर आंघोळ नको. मग कोमट पाणी, कुत्र्याचा शाम्पू, फेस १० मिनिटं अंगावर राहू द्यायचा. (तांबूला १० मिनिटं धरून ठेवणारा माणूस डॉक्टरांनी सांगितला नाही.) रोज ब्रश. कातडी नवी व्हायला तीनेक आठवडे लागतात, तेव्हा घाई नको. एवढं करूनही नाहीच गेला तर थायरॉइड तपासू, म्हणाले.

माशातलं तेल कातडीला चांगलं, म्हणून उकडलेले तारले चालू केले, मीठमसाल्याशिवाय. त्याचा गुण यायला सहा-आठ आठवडे. परवा सोमवारी मी तारल्यांचं भांडं बाजूला ठेवलं, तर सासूबाईंनीच चुलीवर चढवलं. “कुत्र्याक कसलो सोमार!” अबोला तिथेच सुटला.

आंघोळ बंद केल्याचा आज १९ वा दिवस. छत्रीवर चिमूटभरच पडला, तोही बारीक. पाठ हाताला मऊ लागते.

पण शेपटीच्या मुळाशी तो अजून दातांनी कुरतडतो. तिथे बारीक कंगवा फिरवला तर काळे कण निघाले. ओल्या कापसावर ठेवले, कापूस लालसर झाला. म्हणजे पिसवांची विष्ठा, त्यातलं रक्त तांबूचं. त्या दिवशी डॉक्टरांना दिसल्या नव्हत्या. उद्या पुन्हा जायचं, आणि त्याचं गोणपाट उन्हात टाकायचं.