उतारावरचा पांढरा धूर

कोल्हापुरात राजारामपुरीतील एक निवृत्त शिक्षक गेली अकरा वर्षे आपली २००१ सालची मारुती झेन माझ्याकडेच आणतात. दिवाळीच्या सुमारास ही गाडी मागून पांढरा धूर सोडू लागली, तेव्हा घरातील लग्नामुळे माझे गॅरेज आठ दिवस बंद होते, म्हणून त्यांनी ती दुसरीकडे दाखवली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचे (हेडखालचे) सील, गेल्याचे सांगून तेथे हेड उतरवले, फेस मारून म्हणजे घासून सपाट करून आणले आणि नवे गॅस्केट बसवले. जानेवारीत धूर परत आला आणि तेच काम दुसऱ्यांदा झाले. शिमग्याला वैभववाडीजवळ गावी जायचे होते, आणि ‘आता इंजिनच उतरवावे लागेल’ असे सांगण्यात आल्यावर सर उद्यमनगरात माझ्याकडे आले.

धुराचा रंग पाहून निदान करायचे हे या धंद्यातील पहिले शिक्षण असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. निळसर धूर म्हणजे रिंगांतून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारे पाणी, सिलिंडरमध्ये उतरते आहे. यात खोटे काहीच नाही, पण ते अपुरे आहे. थंडीच्या सकाळी प्रत्येक गाडी पांढरी वाफ सोडते, कारण एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते आणि थंड सायलेन्सरमध्ये ते दिसू लागते. म्हणून रंगाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, धूर कधी येतो हे विचारावे लागते. तो प्रश्न या गाडीच्या बाबतीत चार महिन्यांत कोणीही विचारला नव्हता. मी विचारला तेव्हा सर म्हणाले, “चढताना गुमान चालते बघा, मिस्त्री. उतरताना मागं नुसता धूर.”

हे उत्तर मला खटकले. हेड गॅस्केट गेलेली गाडी चढावर, इंजिन तापल्यावर आणि भार पडल्यावर जास्त त्रास देते. उतारावर दिसणारा धूर बहुधा व्हॉल्व्ह सीलचा असतो, कारण अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, जोराचा व्हॅक्यूम तयार होऊन व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल ओढले जाते. पण तो धूर निळसर असतो आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना भसकन बाहेर पडतो. सरांच्या गाडीचे इंजिन ऑइल मात्र डिपस्टिकवर जागच्या जागी होते.

तरीही क्रमाने तपासणी केली. रेडिएटरला हातपंपाने दाब देऊन अर्धा तास ठेवला. काटा हलला नाही. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळ्याचे पिवळे होणारे द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरले. ते निळेच राहिले. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन साडेअकरा ते बारा किलोच्या दरम्यान होते, म्हणजे एवढ्या वयाच्या इंजिनाला उत्तम. फक्त एक प्लग बाकीच्या तिघांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला. कूलंटची वाफ प्लग असाच धुऊन काढते, त्यामुळे आधीच्या गॅरेजने गॅस्केटवर बोट ठेवले असावे हे मी समजू शकतो. कूलंट कमी होते का, हे न पाहता दोनदा हेड उघडणे मात्र मला समजत नाही. सरांच्या बाटलीतील कूलंटची पातळी चार महिने तसूभरही हलली नव्हती.

पीयूसी केंद्रावरही गाडी पास झाली होती. पेट्रोल गाडीच्या चाचणीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. गाडी एका जागी उभी असते, ब्रेकला कोणी हात लावत नाही, आणि धुराचा रंग त्या कागदावर कुठेच येत नाही. पास झाल्याचा कागद मिळाला की लोक निर्धास्त होतात, हे मला नेहमीच धोक्याचे वाटत आले आहे.

दुसऱ्या दिवशी वाघबीळवरून पन्हाळ्याला गेलो. चालवणाऱ्याला स्वतःचा धूर नीट दिसत नाही, म्हणून माझ्याकडचा मुलगा मोटारसायकलवर मागे होता आणि फोनवर सांगत होता. चढ संपेपर्यंत काही नाही. उतरताना पहिल्या वळणावर मी ब्रेक दाबला, सोडला, आणि तो ओरडला, “आला, आला!” पुढच्या वळणावर पुन्हा तसेच. तिसऱ्या वळणावर मी मुद्दाम ब्रेक न दाबता गिअरवरच वेग आवरला, तर काही नाही. धूर अ‍ॅक्सिलरेटरशी बांधलेला नव्हता, ब्रेकशी होता. आणि ब्रेक दाबताना नव्हे, सोडल्यावर येत होता. ते लक्षात आले तेव्हा माझे हातपाय गार पडले, कारण गाडी अजून घाटात होती. उरलेला उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून उतरलो.

ब्रेकचा पाय हलका व्हावा म्हणून, ब्रेक ऑइल चाकांकडे दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या मागे बूस्टर नावाचा पत्र्याचा बंद डबा असतो. आत रबरी पडदा असतो आणि एका पाइपने तो इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असतो. इंजिनाचा व्हॅक्यूम त्या पडद्यामार्फत पायाला मदत करतो. मास्टर सिलिंडरचा मागचा वायसर, म्हणजे रबरी सील, झिजला की ब्रेक ऑइल बाहेर न गळता या डब्यात झिरपते. चाकाला ओल नाही, जमिनीवर थेंब नाही, त्यामुळे गळती कोणाला दिसत नाही. ब्रेक सोडला की डब्यातील हवा मॅनिफोल्डकडे ओढली जाते आणि तिच्याबरोबर ब्रेक ऑइल इंजिनात जाऊन दाट पांढरा धूर होतो.

गॅरेजवर येऊन तो पाइप काढला, तर आतून ओला. मॅनिफोल्डचे तोंड बंद करून इंजिन चालू ठेवले. दहा मिनिटांत राहिलेले जळून गेले आणि मग कितीही रेस केले, तरी धूर नाही. मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून बूस्टरमध्ये सिरिंजला नळी लावून खाली सोडली आणि सव्वाशे मिलिलिटर ब्रेक ऑइल बाहेर काढले. वायसरची कड एका बाजूने झिजून कागदासारखी पातळ झाली होती.

सर शेजारीच उभे होते. मी विचारले, “सर, ब्रेक ऑइल कमी होत नव्हतं का?”

“होतं की,” ते सहज म्हणाले. “पंधरा दिवसांनी थोडं घालतो मी. तुम्हीच तर गणपतीआधी घातलं होतं.”

मी जुन्या जॉब कार्डांचा गठ्ठा काढला. ऑगस्टमधील त्यांच्या कार्डावर माझ्याच अक्षरात होते: ब्रेक पॅड ठीक, ब्रेक ऑइल टॉप-अप. पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळी थोडी खाली येते, हे खरे आहे. पण पॅड ठीक असल्याचे मीच लिहिले होते, आणि त्याच ओळीत पुढे ते ऑइल गेले कुठे हे न विचारता वरून भरले होते. बाटली ओतून काम भागते हे सरांनी माझ्याकडे पाहून शिकले. त्यानंतर दिवाळीत चौघांना घेऊन ते करूळ घाट उतरले होते आणि चढून परतही आले होते.

ते कार्ड मी त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग विचारले, “म्हणजे ब्रेक कधीही गेला असता?” ‘हो’ म्हणण्यावाचून माझ्याकडे उत्तर नव्हते. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही नवे बसवले, पाइप आणि त्यातील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बदलला, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधील हवा काढली. मजुरी घ्यायला मी तयार नव्हतो. सरांनी ती टेबलावर ठेवली आणि गेले. अजून ती पाकिटातच आहे.

शिमग्याला त्यांनी वैभववाडीतून फोन केला. घाट उतरताना धूर नव्हता. मी त्यांना बोनेट उघडायला लावले. टॉर्च धरून त्यांनी सांगितले की ऑइल वरच्या खुणेलाच आहे.

त्याच रात्री मी ऑगस्टमधील सगळी कार्डे चाळली. ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ आणखी तीन गाड्यांवर लिहिलेले होते. दोघांना फोन करून बोलावले. एकाचे पॅड खरोखर झिजले होते, दुसऱ्याच्या मागच्या चाकाचा सिलिंडर गळत होता. तिसऱ्याचा फोन अजून लागत नाही.