मोंते इझोला: जाळी विणणाऱ्या आज्या फोटोतच राहिल्या

उत्तर इटलीतल्या इझेओ तळ्यातल्या या बेटाबद्दल मी दोन गोष्टी वाचून गेले होते. एक, बेटाची फेरी नऊ किलोमीटरची आणि सपाट. दोन, पेस्कियेरा माराल्यो गावात आज्या दारात बसून मासेमारीची जाळी विणतात. पहिली अर्धी खोटी निघाली, दुसरी तीस-चाळीस वर्षं शिळी.

पोचणं सोपं. ब्रेशियाहून एडोलोच्या दिशेची लोकल, सुल्झानोला उतरायचं, धक्क्यावरून पाच मिनिटांत होडी पलीकडे. बाहेरच्यांच्या गाड्यांना बेटावर मज्जाव आहे, पण गाववाल्यांच्या स्कूटर सुसाट असतात. गल्लीत कान उघडे ठेवा.

कार्झानो ते पेस्कियेरा ते सेन्सोले हा काठाचा रस्ता खरंच सपाट आहे. सेन्सोलेनंतर मात्र रस्ता वर वळतो आणि सिवियानोपर्यंत चढच. तोही चालेल. मला मारलं ते माथ्यावरच्या चेरियोलाच्या मारियेच्या देवळाने. तळ्याची पातळी १८५ मीटरच्या आसपास, देऊळ ६०० मीटरवर. म्हणजे चारशे मीटर चढ. आकडा ऐकून "ह्यॅ, सिंहगड याहून मोठा" असं मीही म्हटलं होतं. पण पेस्कियेराहून कूरेकडे जाणारी दगडी पाखाडी अंगावर येते, आणि जुलैत भर दुपारी मी ती चढले हा माझा मूर्खपणा. उतरताना गुळगुळीत दगडावर दोनदा बसले. सपाट तळव्यांचे बूट घालून जाऊ नका, आणि बारानंतर चढू नका. बस कूरेपर्यंत जाते, तिथून चालण्यासारखं अंतर उरतं. हे मला उतरल्यावर कळलं.

आता जाळ्यांचं. हा धंदा इथे काही शतकांचा. बायका घरी आस (जाळ्याचे डोळे) टाकायच्या, पुरुष तळ्यावर. सुताची जाळी गेली, नायलॉनची आली, मग यंत्रं आली आणि दारातल्या आज्या उठल्या. आता इथे फुटबॉलच्या, टेनिसच्या जाळ्या आणि झोपाळे बनतात. सोमवारी सकाळी मला एका कारखान्याचं दार उघडं सापडलं. आत एक बाई यंत्राच्या जाळीला हाताने काठ बांधत होती. गाठ मारण्याची सुई पाहून मी जागीच थांबले, कारण आमच्याकडे वेसाव्यात (वर्सोव्याच्या कोळीवाड्यात) अगदी तसलीच असते. पंधरा मिनिटं मी तिथेच, एक शब्द इटालियन न येता. सगळ्या सहलीतली ही पंधरा मिनिटं वसूल. आदल्या दिवशी, रविवारी, तेच दार कुलूपबंद होतं आणि गल्लीत आइस्क्रीमची रांग. रविवारी येऊ नका, बस्स.

सुकवलेली "सार्डिन" खा. खरं तर तो तळ्यातला आगोने, आपल्या पाला माशाच्या (हिल्सा) जातकुळीतला. खारवून, लाकडी कमानींवर उन्हात वाळवून, दाबून तेलात मुरवतात आणि भाजलेल्या पोलेंताबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा) वाढतात. वलांडीवरच्या बोंबलांची आठवण येणारच. पण धक्क्यासमोर बसू नका. तिथे मला दोन माशांच्या ताटलीवर बसण्याचे, पावाचे आणि न मागितलेल्या पाण्याचे पैसे लागले. इटलीत "कोपेर्तो", म्हणजे टेबलावर बसण्याचे पैसे, लावतात हे मान्य, पण ते मेन्यूत आधी वाचा. मागच्या गल्लीत तोच मासा जवळपास निम्म्या पैशांत मिळाला.

२०१६ च्या जूनमध्ये क्रिस्तो या कलाकाराने याच पाण्यावर पिवळा तरंगता रस्ता घातला होता, सोळा दिवसांसाठी. तो शोधत येणारे अजून भेटतात. काही शिल्लक नाही, विचारूही नका, गाववाले वैतागतात.

कार्झानोला दर पाच वर्षांनी सप्टेंबरात होली क्रॉसचा उत्सव असतो, तेव्हा अख्खं गाव हाताने केलेल्या कागदी फुलांच्या कमानींनी भरतं. माझ्या वेळी नुसत्या रिकाम्या भिंती. जमलं तर ते वर्ष बघून तिकीट काढा, आणि राहायची सोय बेटावर न मिळाल्यास सुल्झानोत बघा. शेवटच्या होडीची वेळ मात्र धक्क्यावर लावलेल्या पाटीवरच तपासा. माझ्या फोनने सांगितलेली वेळ चुकीची होती.