गोळीनंतर किती वेळानं?

“काकू, ह्यांचा पार्किन्सन्स वाढतोय की आटोक्यात आहे, हे घरी कळायचं कसं? मुलगा अमेरिकेहून कंप मोजणारं घड्याळ पाठवतो म्हणतोय, मागवू का?” थोड्याफार फरकानं हाच प्रश्न मला फोनवर, लग्नकार्यात, भाजी घेतानासुद्धा विचारला जातो. आमच्याकडे हा आजार बरीच वर्षं मुक्कामाला आहे आणि मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे मोजमापाचं खातं माझ्याकडे आलं असावं. डॉक्टर मी नाही. एका घरातली रीत म्हणून वाचा.

घड्याळ येत असेल तर येऊ द्या. पण मोजायला सुरुवात कंपापासून करू नका.

कंप डोळ्यांत भरतो, म्हणून नातेवाईक आधी त्याचीच चौकशी करतात. हात मांडीवर निवांत असताना सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणारी ती थरथर मनःस्थितीप्रमाणे कमी-जास्त होते. पाहुणे आले की वाढते, सामन्याची शेवटची ओव्हर असली की वाढते. डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, ते ती बाहेर यावी म्हणूनच. काही रुग्णांना तर कंप नसतोच. दिवस खरा अडतो तो हालचालींच्या मंदपणामुळे आणि अंगाच्या ताठरपणामुळे. आमच्या ह्यांचा हात कापत असला तरी चहाचा कप नीट तोंडाशी जातो. शर्टाचं बटण मात्र लागत नाही. भाकरीचा तुकडा मोडणं, रात्री कुशीवर वळणं, ही कामं कंपापेक्षा जास्त काही सांगतात.

आता गोळीचं. लेव्होडोपा हे या आजारावरचं मुख्य औषध. कार्बिडोपा या त्याच्या जोडीच्या औषधाबरोबर घेतलं, तरी रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूकडे थोडी साठवण असते, म्हणून दिवस सलग जातो. पुढे ती साठवण संपत जाते आणि माणूस गोळीच्या तालावर चालू-बंद होऊ लागतो. गोळी लागू असते तो ‘ऑन’, उतरते तो ‘ऑफ’. एकच माणूस दहा वाजता जिना चढतो आणि साडेबाराला खुर्चीतून उठत नाही. म्हणून “सकाळी बरे होते, दुपारी नव्हते” या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. गोळीनंतर किती वेळानं बरे होते? घरी टिपलेल्या प्रत्येक नोंदीशेजारी हे उत्तर हवं. नाहीतर तो आकडा टाकून दिला तरी चालेल.

दवाखान्यात काय होतं ते बहुतेकांना माहीत आहेच. घरी बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखा अडणारा माणूस डॉक्टरांच्या रुंद कॉरिडॉरमध्ये ताठ चालत जातो आणि आपण खोटे पडतो. डॉक्टरांकडे मोजपट्टी चांगली आहे. एमडीएस-यूपीडीआरएस नावाच्या तक्त्यात बोटांची टिचकी, खुर्चीतून उठणं, चालणं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण देतात. पण ती लागते दहा-पंधरा मिनिटांपुरती. गंमत म्हणजे 1817 साली जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरनं ज्या सहा माणसांवरून हा आजार मांडला, त्यातली काही त्यानं लंडनच्या रस्त्यावरच पाहिली होती.

आमच्याकडे चालते ती वही. तपासणीच्या आधीचे दोन-तीन दिवसच भरायची, वर्षभर नाही. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन आणि पाच रकाने: झोप, ऑफ, ऑन, वळवळीसह ऑन पण त्रास नाही, त्रासदायक वळवळीसह ऑन. ही रचना माझी नाही. 2000 सालापासून डॉक्टर मंडळी औषधांच्या चाचण्यांत हीच डायरी वापरतात. गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा समासात लिहायच्या. रात्री बसून दिवसभराचं आठवून भरू नका, त्या त्या वेळीच खूण करा.

यातला वळवळीचा रकाना नीट समजून घ्या, कारण घरची माणसं इथेच गोंधळतात. कंप तालात असतो, एकाच जागी मागे-पुढे, आणि बहुधा गोळी उतरल्यावर जास्त. वळवळ, म्हणजे डिस्कायनेशिया, बेताल असते: खांदा फिरतो, मान झुलते, पाय नाचतो. ती बहुधा गोळी ऐन भरात असताना येते. लांबून दोन्ही ‘हलणं’च. पण पहिल्यात औषध कमी पडत असण्याची शक्यता असते आणि दुसऱ्यात जास्त होत असण्याची. आपण नुसतं “फार हलतात हो” म्हटलं तर डॉक्टरांच्या हातात उलटा कागद जातो. ओळखता येत नसेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, पावलांपासून डोक्यापर्यंत सगळं दिसेल असा, आणि सुरुवातीला मोठ्यानं म्हणा: “गोळी आठला, आता नऊ वीस.” पाय अडतो त्या दाराशीही असाच घ्या. अर्थात ज्यांचा घ्यायचा त्यांना विचारून.

वहीतून आमच्या हाती सगळ्यांत उपयोगाचं लागलं ते जेवणाचं. उसळ किंवा दाट वरण खाऊन लगेच घेतलेली गोळी फार उशिरा लागू होत होती, कधी होतच नव्हती. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आत शिरायला एकाच दारावर रांग लावतात. डॉक्टरांनी रकाने पाहिले आणि गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्यायला सांगितली. डोस तोच, दुपार मोकळी झाली. स्वतःच्या मनानं मात्र काही हलवू नका, वेळसुद्धा नाही.

दोन-तीन छोट्या चाचण्या घरी सहज होतात. अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा आपटायची, जमेल तितक्या भरभर आणि मोठी फाक करून. सेकंद मोजण्यापेक्षा फाक लहान होत जाते का, मध्येच अडते का, ते बघा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. इथे सेकंद मोजा, जवळ कोणीतरी उभं राहा, आणि वळताना किती पावलं लागतात तेही लिहा. हस्ताक्षरासाठी एकच वाक्य कोऱ्या कागदावर. रेघी वही नको. रेघ दिसली की अक्षर आपोआप मोठं येतं आणि ओळीच्या शेवटी ते बारीक होत जाणं लपतं. मागून खांदे ओढून तोल बघायची डॉक्टरांची चाचणी घरी अजिबात करायची नाही.

आता घड्याळ. त्याच्या आत हालचालीतला वेगबदल आणि वळण टिपणारे सेन्सर असतात आणि कंप ते छान पकडतात. ॲपल वॉचवर चालणाऱ्या स्ट्राइव्हपीडी या ॲपला 2022 साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, परवानगी दिली, ती कंप आणि डिस्कायनेशिया टिपण्यासाठी. ऑस्ट्रेलियातलं पीकेजी नावाचं मनगटी यंत्र मंदपणाचाही अंदाज देतं, गोळीच्या वेळी थरथरून आठवण करतं, आणि काही दिवस घालून परत द्यायचं असतं. पण मनगटाला मनगटापुरतंच कळतं. माणूस ऑफ आहे म्हणून बसलाय की बातम्या बघत बसलाय, भजनात टाळ वाजवतोय की वळवळ आहे, हे त्याला वहीनंच सांगावं लागतं. पाय अडल्याचंही त्याला फारसं कळत नाही. घालायचंच तर ज्या बाजूला आजार जास्त त्या हातात घाला. आधीच काळजी करणाऱ्या स्वभावाच्या माणसाला रोजचा आलेख दाखवू नये, असं माझं मत. आकडा बघून कंप वाढलेला मी पाहिलाय.

“मी काय तुझ्या वर्गातला आहे?” असं हे एकदा म्हणाले, तेव्हापासून वही त्यांच्या ताब्यात आहे. झोपेचा रकाना तेवढा मी भरते. गणपतीत आणि नातवंडं आली असताना काही मोजत नाही.

राहिला पहिला प्रश्न, वाढतोय का. तो या आठवड्याच्या वहीतून सुटत नाही, कारण एका दिवसातला चढउतार वर्षभराच्या बदलापेक्षा मोठा असतो. त्यासाठी मी दिवाळीला आणि गुढीपाडव्याला एकेक व्हिडिओ घेते: तोच हॉल, त्याच चपला, सकाळच्या गोळीनंतर एक तासानं. मागच्या दिवाळीशी या दिवाळीची तुलना डॉक्टरच करतात. मी फक्त फोन त्यांच्यापुढे धरते.