बुधवारचा पाचवा तास

शाळेचं वेळापत्रक कुणीतरी माणूस बसून तयार करत असेल, हे दहावी होईपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ते पावसासारखं होतं. जूनमध्ये वरून यायचं, आपण त्याखाली उभं राहायचं. वर्गशिक्षक ते फळ्यावर लिहून द्यायचे. मी रफ वहीच्या पहिल्या पानावर पट्टी लावून, लाल-निळ्या रेघा मारून ते उतरवून घ्यायचो आणि पुन्हा त्या पानाकडे ढुंकूनही बघायचो नाही. दप्तरात सगळी पुस्तकं, सगळे दिवस. तरी दरवर्षी आखायचो. कार्यानुभवाच्या चौकटीला तर खास हिरवा रंग असायचा. तो तास बहुधा गणिताच्या सरांच्या घशात जायचा, हा भाग वेगळा.

खरं तर मला उघडण्याआधीची शाळा जास्त आवडायची. जवळपास राहणाऱ्या पोरांना शाळेचे मामा हाक मारायचे. फळे काळे करायचे असत. टॉर्चचे जुने सेल दगडाने फोडायचे, आतली पूड डब्यात घ्यायची, त्यात पाणी आणि कसल्याशा पाल्याचा रस घालायचा आणि चिंधीचा बोळा बुडवून वरून खाली हात मारायचा. वरून खालीच. आडवा हात मारला की मामा ओरडायचे, कारण वाळल्यावर पट्टे दिसतात. सुटलेली जागा ते बोटाने दाखवायचे, बोट काळं झालं की आमच्याच शर्टाला पुसायचे. सेलमधली ती पूड म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन, हे पुढे विज्ञानाच्या तासाला कळलं. ज्या फळ्यावर सरांनी ते लिहिलं, तोही त्यानेच रंगवलेला.

नागपूरच्या मावसभावाचा मात्र त्या दिवसांत भयंकर राग यायचा. आमची शाळा जूनच्या मध्याला सुरू व्हायची आणि विदर्भात ऊन म्हणून याची सुट्टी महिनाअखेरपर्यंत लांबायची. आम्ही फळे रंगवून, नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालून मोकळे, आणि हा अजून आंब्याच्या झाडावर. पुस्तकांवरून आठवलं. बालभारतीने २०२३ साली पुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडून पाहिली आणि २०२५ला ती पुन्हा काढून टाकली. मधल्या काळात पोरांनी त्या पानांवर काय केलं असेल, यावर कुणी अहवाल लिहिला की नाही माहीत नाही. माझी पैज फुली-गोळ्यावर.

तर वेळापत्रक. गेल्या जूनमध्ये दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी आमच्या हायस्कूलमध्ये गेलो होतो. क्लार्क जागेवर नव्हते, म्हणून शिक्षकखोलीत बसवलं. आत पर्यवेक्षक सर एकटेच. पुढ्यात टेबलभर कार्डशीट, त्यावर आडवे वार आणि उभ्या तुकड्या, सगळं पेन्सिलीने. बुधवारच्या पाचव्या तासाला खोडून खोडून कागद इतका पातळ झाला होता की खालचं टेबल दिसत होतं.

"बसा, पण टेबलाला धक्का नको," सर म्हणाले.

दहावी ब आणि नववी अ, दोघांनाही त्या तासाला गणिताच्या त्याच बाई हव्या होत्या. बाईंना सरकवावं तर विज्ञान हलतं. विज्ञान हलवावं तर प्रयोगशाळा एकच. मैदानावरचे सर एकच, त्यामुळे दोन वर्ग एकदम बाहेर काढता येत नाहीत. हिंदीच्या बाई एसटीने येतात, त्यांना पहिला तास देऊन उपयोग नाही. मधल्या सुट्टीनंतर भूमिती घेतली की निम्मा वर्ग पेंगतो. आणि शनिवारचा शेवटचा तास कुणालाच नको. मी विचारलं, आता यासाठी सॉफ्टवेअर असतं ना?

"आहे की. पण त्याला कुणाचं कुणाशी पटत नाही, ते कुठे माहीत?"

तेवढ्यात माझी नजर आठवी ब वर गेली. तो उभा रकाना फिकट आखलेला आणि शेजारी प्रश्नचिन्ह. आमच्या वेळी आठवीला ड पर्यंत तुकड्या होत्या. ड मध्ये नाव निघालं की घरी दोन दिवस कुणी नीट बोलत नसे. तुकडीच नसेल, अशी भीती कुणाला नव्हती. सर सांगत होते, तीस सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, त्यावर शिक्षक किती ते ठरतं. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने निकष बदलल्यापासून तर कुणाला झोप नाही. वेळापत्रक मात्र जूनमध्येच लावावं लागतं, असलेल्या आणि कदाचित नसणाऱ्या वर्गांसकट. बाकीचे शिक्षक कुठे दिसत नाहीत, असं विचारल्यावर कळलं की सगळे दुचाक्या घेऊन आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर गेलेत. झेडपीच्या शाळेतून सातवी पास झालेली मुलं शोधायला. एका घरात तीन-तीन शाळांचे शिक्षक येऊन गेलेले असतात म्हणे.

"तुमच्या ओळखीत आहे का कुणी? सातवी पास?"

"माझी मुलगी आहे. पण ती पुण्यात शिकते."

"हो, माजी विद्यार्थ्यांची सगळ्यांची तिकडेच असतात," सर म्हणाले आणि त्यांनी खोडरबर शोधायला घेतला.