पोराला फौंड्रीत घालू काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. फौंड्री म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. पोराला तिथं घालायचं का, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत गाठतो, बँकेच्या रांगेत गाठतो, सोमवारी कपिलेश्वराच्या दारातही गाठतो. विचारणारे बहुतेक बापच असतात. "तुमची अख्खी हयात बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांत गेली. जर्मनी पण बघून आलासा. तिकडच्या भट्ट्या बंद पडून बागा झाल्या म्हणता, मग आपल्या पण पडणार की? पोरगं आयटीआयला जातो म्हणतंय. घालू काय फौंड्री लाइनीत, का सरळ पुण्याला लावून देऊ?"

माझं उत्तर आधीच सांगतो: घाला. पण कुठल्या फौंड्रीत आणि कुठल्या कामाला, ते बघून घाला. असं का म्हणतो, ते सांगायला थोडी जागा लागेल.

जर्मनीचं आधी. ड्यूसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गिफा नावाचं ओतकामाचं मोठं प्रदर्शन भरतं. बेळगाव-कोल्हापूरची माणसं तिथं हमखास भेटतात. २०१९ साली मीही गेलो होतो. प्रदर्शन बघून झाल्यावर जवळच्या डुइसबुर्गला गेलो, कारण तिथल्या माइडरिखच्या लोखंड कारखान्याबद्दल बरंच ऐकलं होतं. १९८५ साली तो बंद झाला. पाडला मात्र नाही. आज तिथं सार्वजनिक उद्यान आहे. खनिज साठवायच्या कोठारांच्या भिंतींवर पोरं दोर लावून चढतात, जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून त्यात पाणबुडे सराव करतात. झोतभट्टीवर जिन्याने वरपर्यंत जाता येतं. मी गेलो. जन्मभर वितळलेल्या लोखंडाच्या रसाच्या धगीत उभ्या राहिलेल्या माणसाला गार पडलेल्या भट्टीवर हात ठेवताना काय वाटतं, ते फौंड्रीवाल्यालाच कळेल. मला रडू आलं.

परत आल्यावर हे ज्याला सांगितलं त्याने एवढंच ऐकलं, की भट्टी विझली आणि बाग झाली. मधला काळ कुणी ऐकून घेत नाही, आणि सगळी गोष्ट त्या मधल्या काळातच आहे.

डुइसबुर्ग ज्यात येतं त्या रूरच्या खोऱ्यात कोळशाचं संकट १९५८ ला सुरू झालं. स्वस्त तेल आलं, बाहेरचा कोळसा आला. त्या वेळी पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांच्या आसपास माणसं होती. शेवटची खाण, बोट्रोपची प्रॉस्पर-हानिएल, बंद झाली डिसेंबर २०१८ मध्ये. म्हणजे उतरण साठ वर्षं चालली. या काळात एक खाण बंद झाली की माणसं दुसऱ्या खाणीत घेतली जात, वय झालेल्यांना लवकर पेन्शन मिळे, तरुणांना दुसरं काम शिकवलं जाई. सरकारने त्यासाठी वर्षानुवर्षं पैसा ओतला. आणखी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यांत मोठी वाटते. खाणी-कारखान्यांच्या या भागात १९६५ पर्यंत एकही विद्यापीठ नव्हतं. त्या वर्षी बोखुमचं उघडलं, १९६८ ला डॉर्टमुंडचं. भट्ट्या पेटलेल्या असतानाच पुढच्या पिढीची सोय करायला घेतली.

तरी सगळं सुरळीत झालं नाही. बोखुममध्ये खाणीच्या जागेवर ओपेलचा मोटार कारखाना आला, १९६२ ला. लोकांना वाटलं, सुटला प्रश्न. २०१४ ला तोही बंद झाला. त्याआधी २००८ ला नोकियाने त्याच गावातला मोबाइलचा कारखाना हलवला होता. एका मोठ्या धन्याच्या जागी दुसरा मोठा धनी आणला, तोही उठून गेला. शेजारच्या गेल्सेनकिर्खेनमध्ये आजही देशातली जवळपास सगळ्यांत जास्त बेकारी आहे. आणि खर्च संपलेला नाही. खाली कोळसा काढून जमीन इतकी खचली आहे, की पंप बंद केले तर मोठा भाग पाण्याखाली जाईल. हे पंप कायम चालवावे लागणार, त्यासाठी वेगळा निधी ठेवलाय. एम्शर ही नदी शंभर वर्षं उघडं गटार होती. ती सांडपाण्यापासून मोकळी करायला तीस वर्षं आणि पाच अब्ज युरोंहून जास्त पैसा लागला. २०२१ अखेर ते काम पुरं झालं.

आता आपल्याकडं या. मोठ्या धन्याचा अनुभव आपल्यालाही आहे. घटप्रभेच्या धबधब्यावर गोकाक फॉल्सची सूतगिरणी १८८५ पासूनची. तिच्याभोवती अख्खं गाव उभं राहिलं आणि गिरणी खोकली की गावाला ताप आला. यमनापूरला इंडालचा (इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा) कारखाना आला तेव्हा बेळगावात केवढा आनंद होता! पण ॲल्युमिनियम म्हणजे विजेचा खेळ. एक किलो धातूला साधारण चौदा-पंधरा युनिट वीज जाते. वीज महागली, तुटवडा पडला आणि धातू वितळवून काढायचा विभाग बंद करावा लागला. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढायचं काम मात्र राहिलं, आज ते हिंदाल्कोकडे आहे.

फौंड्रीचं तसं झालं नाही. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या पट्ट्यात एक धनी कधीच नव्हता. कुणी ओतकाम करतो, कुणी नुसते पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात ते नमुने) बनवतो, कुणाकडे दोन लेथ आणि एक सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन), कुणी फक्त कोअर (भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे) पुरवतो. एक बसला तर बाकीचे लगेच बसत नाहीत. २००८-०९ च्या मंदीत मी हे जवळून पाहिलं. एका फौंड्रीने निम्मी माणसं घरी पाठवली. (नाव घेत नाही, त्या वेळी सगळीकडे तेच चाललं होतं.) ड्रॉइंग वाचता येणाऱ्या कोअरमेकरला आठवड्याभरात मागच्या गल्लीत काम मिळालं. त्याच्याच बरोबरीचा एक जण इतकी वर्षं फक्त ग्राइंडर धरून उभा होता. तो खानापूरला शेतावर गेला आणि परत आलाच नाही. दोघं सारखेच कष्टाळू होते. ग्राइंडरवाल्याला दुसरं काही शिकवायची तसदी कुणी घेतली नव्हती, आणि याचा राग मला आजही येतो.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे बदल होणार का, असं तुम्ही विचारता. अहो, तो आपल्या डोळ्यांदेखत झालाय. मी लागलो तेव्हा क्युपोला, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्ट्या होत्या. कोक, चुनखडी, पिग आयर्न (झोतभट्टीतलं कच्चं लोखंड) वरून टाकायचं आणि रसाचा रंग बघून मिस्त्री सांगायचा, आता सोडा. नंतर विजेवरच्या इंडक्शन फर्नेस आल्या. स्क्रॅप वितळवा, कार्बन आणि सिलिकॉन मोजून घाला, नमुन्याची चकती स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर ठेवा, मिनिटभरात पडद्यावर आकडे. मिस्त्रीचा डोळा निरुपयोगी झाला असं कुणी म्हणालं तर मी भांडायला उठेन. एसजी आयर्न म्हणजे मॅग्नेशियम देऊन चिवट केलेलं बीड. त्यात मॅग्नेशियम दिल्यावर रस काही मिनिटांत ओतावा लागतो, नाहीतर परिणाम उतरतो आणि कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, रिजेक्ट होतं. त्या मिनिटांत मशीन नाही, माणूस निर्णय घेतो. ज्या मिस्त्रींनी आकडे शिकून घेतले, ते सोन्याच्या भावाने विकले गेले.

विजेच्या गाड्यांची भीती खरी आहे. ती मी उडवून लावणार नाही. इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, फ्लायव्हील यातलं काहीच त्या गाडीत नसतं. ज्या फौंड्रीचा सगळा धंदा एवढ्यावर आहे आणि जिचा मालक अजून वाट बघतोय, तिथं पोराला घालू नका. पण ब्रेकची डिस्क लागणार, हब लागणार. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिकचे भाग लागणार. तिकडे हत्तरगीला हायवेलगत एक्वस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानाचे भाग घडतात, एअरबससारख्या कंपनीला जातात. हुक्केरी तालुक्यातल्या माळावर विमानाचे भाग होतील असं माझ्या तरुणपणी कुणी म्हणालं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. ते काम वेगळं आहे, ओतकामाचं नाही. पण मायक्रोमीटर नीट धरणारी, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा बारीक फरक) पाळणारी माणसं या मातीत आधीपासून होती, म्हणून ते इथं रुजलं असं माझं मत आहे. जर्मनीने बोखुमला विद्यापीठ काढलं, तसं इथं १९७९ ला उद्यमबागेच्या कुशीत गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, १९९८ ला व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, बेळगावला आलं. पण कारखान्यातला कामगार आणि कॉलेजातला मुलगा यांची गाठ आपण पुरेशी घालून दिली नाही. कॉलेजातली मुलं बेंगळूरला गेली आणि मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला, ओडिशा-बिहारची माणसं आली. ती माणसं चांगली आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो आपल्या पोरांना हे काम हलकं वाटावं असं आपण वागलो याचा.

आणि आता जे कुणी बोलत नाही ते. धूळ. मोल्ड (वाळूचा साचा) फोडताना, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ) करताना वाळूचा जो बारीक धुरळा उडतो, त्यात सिलिका असते. ती फुप्फुसात गेली की परत येत नाही. सिलिकोसिस बरा होत नाही. कायद्याच्या परिशिष्टात या रोगाची नोंद आहे, कळवणं बंधनकारक आहे. तरी मी तोंडाला फडकं बांधून काम करणारी माणसं पाहिली आहेत आणि त्यांतल्या काहींच्या मयतीलाही गेलो आहे. तिकडे जमीन खचली तिचा खर्च भरायला निधी आहे. इथं छाती खचली तिचा खर्च घरच्यांनी भरायचा, हे मला मान्य नाही. जिथं धूळ ओढून घेणारी यंत्रणा नाही, मास्क मागितला की हसतात, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर द्यायला टाळाटाळ करतात, त्या दारातून पोराला परत आणा. पगार कितीही सांगू देत.

आयटीआयला फिटर, टर्नरच्या मागे सगळे धावतात. फौंड्रीमन हाही ट्रेड आहे, एक वर्षाचा. तो केला तरी पहिली दोन वर्षं एकाच शेडमध्ये राहू देऊ नका. पॅटर्न, कोअर, मेल्टिंग, लॅब, सगळीकडे फिरू द्या. मालक फिरवत नसेल तर मालक बदला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीतही फौंड्र्या आहेत, रोज जाऊन-येऊन जमतं.

कन्नडचंही सांगतो. सीमाप्रश्नावर माझं मत तुम्हाला ठाऊक आहे आणि ते बदललेलं नाही. पण पोराला कन्नड वाचता-लिहिता येऊ द्या. सेफ्टीच्या सूचना, पगाराचे कागद, लेबर ऑफिसातला अर्ज, सगळं त्यात असतं. दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस आपल्या हक्काचं भांडू शकत नाही.

पुण्याला लावून द्यायचंच असेल तर इथं दोन वर्षं काढून द्या. हातात काम असलेला मुलगा तिकडे वेगळ्या दाराने आत जातो.

आणि ठरवायच्या आधी त्याला घेऊन एकदा या, सकाळी मेल्टिंग चालू असताना. त्याला मी पॅटर्न शॉप आणि लॅब दाखवतो. तुम्ही तेवढा वेळ फेटलिंगच्या शेडमध्ये उभे राहा. तिथली हवा बघा, तिथल्या माणसांशी बोला, आणि मग सांगा.