मे महिन्यातली अंडी

गर्भात दृष्टिपटल, म्हणजेच रेटिना, कसे घडते हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी कोंबडीची फलित अंडी वापरतो, कारण पिल्लाचा डोळा फार लवकर वाढतो आणि कवचाला खिडकी पाडून तो पाहता येतो.

त्या वर्षी मे महिन्यात, पारा बेचाळिशीला टेकलेला असताना, परभणीकडच्या एका हॅचरीतून अंडी आली आणि सगळी एकाच वेळी 37.5 अंशांवर उबवायला ठेवली. तिसरा दिवस संपत आल्यावर गर्भ बशीतल्या द्रावणात काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर एकाचा डोळा काचेसारखा स्वच्छ, भिंगाचे वर्तुळ आणि नेत्रचषकाची, म्हणजे ज्यातून दृष्टिपटल घडते त्या वाटीची, खालची फट ठळक. दुसऱ्यात राखाडी झाक. तिसऱ्यात तर रंग चांगलाच गडद. (हा रंग दृष्टिपटलाचा नव्हे, त्यामागच्या रंगद्रव्याच्या थराचा; गर्भ वाढतो तसा तो गडद होतो.) माझी विद्यार्थिनी इन्क्युबेटरचा थर्मामीटर बदलून आली, पण यंत्र ठीक होते. शेवटी हॅचरीत फोन केला. "सर, मे महिन्यात अंडं गाडीतच उबायला लागतं," पलीकडून सहज उत्तर आले.

थंडाव्यात ठेवलेल्या फलित अंड्यात गर्भाची वाढ थांबून राहते. उन्हात तापलेल्या टेम्पोत मात्र ती आपापल्या परीने सुरू होते, आणि कडेच्या अंड्याला मधल्यापेक्षा जास्त झळ लागते. दृष्टिपटलात सर्वांत आधी जन्मतात त्या गँग्लिऑन पेशी, ज्यांच्या तंतूंपासून पुढे दृष्टिचेता बनते. त्या आधी मध्यभागी दिसतात आणि मग कडेकडे पसरत जातात, त्यामुळे अर्ध्या दिवसाच्या फरकानेही चित्र बदलते. "तिसरा दिवस" म्हणून सगळ्यांची सरासरी काढणे निरर्थक ठरले असते.

हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या गर्भशास्त्रज्ञांनी 1951 साली कोंबडीच्या गर्भवाढीचे 46 टप्पे शरीराच्या खुणांवरून ठरवले, ते इथे उपयोगी पडले. पाय-पंखांचे अंकुर आणि डोळ्याचा रंग पाहून आम्ही प्रत्येक गर्भाचा टप्पा लिहिला. त्या क्रमाने डोळ्यांचे पातळ छेद मांडताच विस्कळीत वाटणाऱ्या पेशी मध्यापासून कडेकडे शिस्तीत पसरताना दिसल्या; उलट एकाच खेपेत इतके टप्पे मिळाले, हे मला उन्हाचे उपकारच वाटले. विद्यार्थिनीच्या प्रबंधात तासांचा रकाना आहे, पण शेजारी टप्प्याचाही आहे, आणि निष्कर्ष त्याच्यावरच काढलेले आहेत. अंडी आता रात्रीच्या गाडीने मागवतो.